धंद्याच्या पेजसाठी आधीपासून आखणी लागते का, की जमेल तसं टाकत राहिलं तरी चालतं?

रंधा_आणि_रंग

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घरात यावरून रोज वाद होतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं आणि माझ्या भावाचं जुनं फर्निचर दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. डुगडुगणाऱ्या खुर्च्या, फाटलेलं वेताचं विणकाम, पॉलिश उडालेली टेबलं, कीड लागलेली कपाटं अशी कामं असतात. भाऊ आणि दोन कारागीर लाकूड बघतात. माझ्याकडे हिशोब, फोन, सामानाची ने-आण आणि गेली तीन वर्षं इन्स्टाग्राम-फेसबुकचं पेज. एखादं काम संपलं, फोटो बरा आला आणि हातात वेळ असला की टाकून द्यायचा, एवढंच आमचं पेज. कधी एका आठवड्यात पाच पोस्ट, कधी दीड महिना शुकशुकाट.

मागच्या वर्षी आमची एक रील अचानक चालली. जुन्या दारावरचा ऑइल पेंट हीट गनने सोलून काढतानाची. रंगाची अख्खी पापुद्री एका झटक्यात निघते, ते बघायला लोकांना आवडतं. चार लाखांच्या वर व्ह्यूज गेले. आता कामांची रांग लागणार असं वाटून आम्ही दोन कामं पुढे ढकलली. आले किती फोन? दोन. एकाला हीट गन कुठे मिळते ते हवं होतं, दुसरा इतका लांबचा की तिथून कपाट आणणं शक्यच नव्हतं.

आता एका एजन्सीने गाठलंय. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडे कंटेंट स्ट्रॅटेजी, म्हणजे काय आणि कधी टाकायचं याची आखणी, नाही म्हणून असं होतं. बारा महिन्यांचं कॅलेंडर, महिन्याला वीस पोस्ट. नमुन्याचा महिना पाठवला होता. सोमवारी सुविचार, बुधवारी दिनविशेष, शुक्रवारी ऑफर, मध्ये आमच्या कामाचे चार फोटो. भाऊ म्हणतो काम बोलतं, बाकी सगळा पोकळ डोलारा. मला त्या कॅलेंडरमध्ये आमचं असं काहीच दिसलं नाही, पण सध्या चाललंय तेही बरोबर नाही हे कळतंय.

तर आमच्याएवढ्या छोट्या धंद्याला ठरवून केलेली आखणी लागते का? आणि लागत असेल तर कमीत कमी किती? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, कृपया.

---

मोटारवाला

माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे, बावीस वर्षं झाली. माझं स्पष्ट मत, लागत नाही.

पंप जळाला की माणूस मोबाइलवर रील बघत बसत नाही. तो ओळखीच्या वायरमनला फोन करतो आणि वायरमन मला करतो. माझा खरा गिऱ्हाईक म्हणजे तो वायरमन. मीही पेज काढलं होतं, आठ महिन्यांत बंद केलं. आता करतो ते एवढंच: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. मोटार उघडली की जळालेल्या वाइंडिंगचा फोटो मालकाला पाठवतो, नवीन भरलं की त्याचा पाठवतो. मोटारीवर पत्र्याची पट्टी, तीवर तारीख आणि माझा नंबर. पाच वर्षांनी मोटार पुन्हा जळाली तर त्या पट्टीवरूनच फोन येतो. नकाशावर पत्ता आणि वेळ बरोबर ठेवा, फोन उचला. तुमचे बंधू म्हणतात ते मला पटतं.

---

कानगोष्ट

रंधा_आणि_रंग, तुमचा प्रश्न वाचून मला माझे जुने दिवस आठवले. मी सविस्तर सांगते, कारण यात मी एक मोठी चूकही केली आहे आणि ती तुम्ही टाळावी असं मनापासून वाटतं.

मी एका श्रवणयंत्रांच्या केंद्रात रिसेप्शनवर होते, नंतर तिथलं सोशल मीडियाही माझ्याकडे आलं. पहिलं वर्ष आम्ही कंपनीकडून आलेले फोटो टाकायचो. नवीन मॉडेल, इतके चॅनेल, ब्लूटूथ, नॉइज रिडक्शन. लाइक करणारे कोण, तर आमचाच स्टाफ आणि त्या कंपनीची माणसं.

माझ्या टेबलावर फोनशेजारी एक वही असायची. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडम आत पेशंटबरोबर असल्या की फोनवरचा निरोप मी तीत लिहून ठेवायचे. एके दिवशी दुपारी गर्दी नव्हती, म्हणून सहज मागची पानं चाळत बसले. चार महिन्यांचे निरोप होते. "मशीन सारखं शिट्टी मारतंय." "नवी बॅटरी टाकली तरी बंदच." "दोन्ही कानांना घ्यावंच लागतं का?" "फोनवर बोलताना काढायचं की ठेवायचं?" आणि सगळ्यात जास्त वेळा, वेगवेगळ्या शब्दांत, एकच गोष्ट: "बाबा मशीन लावायलाच तयार नाहीत, तुम्ही एकदा समजावाल का?"

त्या सगळ्या पानांवर चॅनेल किती हे कोणीही विचारलेलं नव्हतं. आणि फोन करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलगी, सून किंवा मुलगा. ज्यांना ऐकू येत नाही ते फोन करतच नाहीत! आम्ही वर्षभर चुकीच्या माणसाशी चुकीच्या गोष्टी बोलत होतो, आणि हे सांगणारी वही माझ्या कोपरापाशी पडलेली होती.

त्या रात्री मी एका कागदावर आखणी लिहिली. आजही माझ्यासाठी स्ट्रॅटेजी म्हणजे तो एक कागद. कोणाशी बोलायचं: आई-वडिलांना ऐकू येत नाही म्हणून काळजीत असलेली मुलगी. काय बोलायचं: वहीतला एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं. कुठे: फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप, कारण ही मुलगी चाळिशी-पन्नाशीची. किती: आठवड्याला एक. कोण करणार: शूटिंग मी, आणि मॅडमनी बघून होकार दिल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. शेवटी, काय टाकायचं नाही: मशीनचे नुसते फोटो, दिनविशेष, सवलतीच्या जाहिराती.

तो शेवटचा भाग सगळ्यात जास्त कामी आला. कंपनीचा माणूस बॅनर घेऊन यायचा, "हे टाका ना, आमचं टार्गेट आहे." पूर्वी मला नाही म्हणायला कारण सापडत नसे. आता कागद पुढे करायचे.

एका व्हिडिओबद्दल सांगते. श्रवणयंत्राची छोटी बॅटरी झिंक-एअरची असते. तिच्यावर रंगीत स्टिकर असतो, तो काढला की खालच्या बारीक भोकांतून हवा आत जाते आणि मग ती बॅटरी जिवंत होते. लोक स्टिकर काढतात आणि लगेच मशीनमध्ये घालून दार बंद करतात. मशीन नीट चालत नाही, मग बॅटरी खराब म्हणून टाकून देतात. किमान एक मिनिट उघडी ठेवायची असते. आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद पसरला. मॅडमचा फक्त हात दिसतोय, स्टिकर निघतो, बॅटरी कागदावर ठेवली जाते, शेजारी घड्याळाचा सेकंदकाटा. अडतीस सेकंदांचा व्हिडिओ. लाइक्स त्रेचाळीस. तुमच्या चार लाखांपुढे हे काहीच नाही.

पण तोच व्हिडिओ आम्ही "नवी बॅटरी चालत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला पाठवत राहिलो, आणि तो पुढे पुढे जात राहिला. काही महिन्यांनी एक बाई वडिलांना घेऊन आल्या. मशीन त्यांनी दुसरीकडून घेतलेलं. फोन हातात, त्यावर आमचा व्हिडिओ थांबवलेला, मॅडमच्या बोटांवर. म्हणाल्या, "हे करून बघितलं, मशीन चालू झालं. आता ही शिट्टी तेवढी बघा." त्यांच्या नणंदेने पाठवला होता म्हणे. शिट्टीचं कारण साधं होतं, कानातला मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, सैल झालेला. पण त्या दिवसापासून ते आजोबा आमचेच झाले.

आता चूक. पहिलं वर्ष चांगलं गेलं म्हणून मी दुसऱ्या वर्षी आठवड्याला तीन पोस्ट ठरवल्या. माझ्याकडे वेळ होता, मॅडमकडे नव्हता. त्या दोन पेशंटच्या मध्ये उभ्याउभ्या माझा मजकूर बघायच्या, मग "तू बघ" म्हणायला लागल्या. एका पोस्टमध्ये मी लिहिलं की रात्री मशीन काढल्यावर बॅटरीला स्टिकर परत लावा, म्हणजे ती जास्त दिवस टिकेल. ऐकीव माहिती होती. एकदा हवा लागली की बॅटरी उतरायला लागते, स्टिकर परत लावून फारसं काही वाचत नाही. वर त्या स्टिकरचा चिकटा बॅटरीवर आणि मशीनच्या आत राहतो. एका पेशंटच्या मुलाने मशीन आणून दाखवलं, बॅटरीचा कप्पा चिकट झालेला. मला इतकं वाईट वाटलं, कारण त्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवून रोज रात्री ते केलं होतं. पोस्ट काढली, चूक कबूल करणारी नवीन पोस्ट टाकली, आणि परत आठवड्याला एकावर आले.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. महिन्याला किती पोस्ट हे एजन्सीने ठरवू नये. ज्याला ते काम येतं, म्हणजे तुमच्या भावाला, आठवड्यात किती वेळ देता येईल त्यावर ते ठरवा. वीस पोस्टमधल्या सोळा सुविचारांनी भराव्या लागतात, कारण तेवढ्याच गोष्टी जाणकार माणसाला न विचारता लिहिता येतात.

---

फ्रेमबाहेर

मी व्हिडिओ एडिटर आहे, छोट्या धंद्यांची कामं करतो. कानगोष्ट ताईंचं उत्तर जपून ठेवलंय. मी फक्त बारा महिन्यांच्या कॅलेंडरबद्दल बोलतो.

वर्षभराच्या तारखा आज भरून ठेवण्यात अर्थ नाही, कारण जमीन आपल्या मालकीची नाही, अ‍ॅप कंपन्यांची आहे. 2016 पर्यंत इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या. त्या वर्षी क्रम अल्गोरिदमच्या हातात गेला आणि "सकाळी नऊला टाका" छापाचे सगळे आराखडे निम्मे निकामी झाले. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना आधी जागा मिळेल, धंद्याच्या पेजांना कमी. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन आठवतंय? 2013 ला आलं, 2017 च्या सुरुवातीला बंदही झालं. आणि 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहा तासांच्या आसपास बंद पडले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. माझ्या एका क्लायंटकडे स्वतःच्या गिऱ्हाईकांचे फोन नंबरही वेगळे लिहिलेले नव्हते, सगळं इन्स्टाच्या मेसेजमध्ये. तो रात्री उशिरापर्यंत नुसता बसून होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी नंबरांची यादी स्वतःकडे ठेवायला लावतो, कॅमेरा नंतर काढतो.

तारखा बदलत राहतील. पण गिऱ्हाइकाच्या मनातले प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, आणि ते सोशल मीडियाच्या कितीतरी आधीपासून आहेत. शेतीची अवजारं बनवणारी जॉन डिअर कंपनी 1895 पासून शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढते आहे. टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी 1900 मध्ये फ्रान्समधल्या गाडीवाल्यांना एक छोटं मार्गदर्शक पुस्तक फुकट वाटलं. टायर कसा बदलायचा, दुरुस्ती कुठे होते, मुक्काम कुठे करता येईल, असली माहिती. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारही गाड्या नव्हत्या. लोक गाडी घेऊन लांब निघाले तर टायर झिजणार, हा साधा हिशोब होता. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. काम बोलतं हे खरंच आहे, पण टेबलाचा नुसता फोटो बघून त्यावर काय कष्ट झाले ते बाहेरच्याला कळत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं.

एक कामाची गोष्ट. इन्स्टाग्रामचं अकाउंट बिझनेसचं केलंत तर चालू गाण्यांपैकी बरीचशी वापरता येत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो. त्यावर हळहळू नका. तुमच्याकडे रंध्याचा आवाज आहे, पॉलिश पेपरचा आहे. तोच ठेवा.

---

रंधा_आणि_रंग

सगळ्यांचे खूप आभार. कानगोष्ट ताई, तुमचं उत्तर मी भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो चिकट कप्प्याच्या गोष्टीपाशी थांबला आणि म्हणाला, "ही बाई खरं बोलते."

दोन शंका आहेत. आमच्याकडे फोनची वही नाही, सगळं माझ्या डोक्यात. आणि चार लाखांच्या रीलचं काय? तसलं करणं अजिबात सोडून द्यायचं का? आकडा बघून कारागीरही खूश झाले होते, ते मला पुसून टाकवत नाही.

---

कानगोष्ट

वही आजपासून सुरू करा. साधी, रेघांची. एक नियम मात्र पाळा: गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. "फिनिशबद्दल चौकशी" असं लिहिलंत तर वही वाया गेली. "टेबलावर गरम कप ठेवला, पांढरा डाग पडलाय, जाईल का?" असं लिहिलंत तर तीच तुमची पोस्ट.

चार लाखांची रील वाईट नव्हती हो. तिच्यात बघणाऱ्याला एक मिनिट बरं वाटलं आणि तो पुढे गेला. त्याच्या घरात दुरुस्तीला आलेलं काही आहे का, हे त्याला आठवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. तोच पेंट काढताना तुमच्या भावाने दोन वाक्यं बोलली असती, की या रंगाखाली लाकूड चांगलं आहे हे आधी कसं ओळखायचं, तर? मोठी रील अधूनमधून जरूर करा. कारागिरांच्या हाताचं कौतुक व्हायलाच हवं. फक्त तिच्यावर महिन्याचा हिशोब बांधू नका.

मोजायचं काय, तर मी दोनच गोष्टी मोजायचे. आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि उत्तर वहीत लिहायचे. दुसरं, पोस्ट किती जणांनी दुसऱ्याला पाठवली. लाइक बघणाऱ्याचा असतो, पण पाठवताना माणूस कोणा एकाचा विचार करून पाठवतो, त्या बाईंच्या नणंदेसारखा.

---

फ्रेमबाहेर

ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या जानेवारीत सांगितलं होतं की पोस्ट वर येण्यासाठी तीन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण ती मेसेजमधून दुसऱ्याला पाठवतात. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या नव्या माणसांपर्यंत पोचायचं तर पाठवणं जास्त मोलाचं. अकाउंटच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या भागात, प्रत्येक पोस्टखाली तो आकडा दिसतो, आठवड्यातून एकदा बघा. रोज बघू नका, मन उगाच खालीवर होतं आणि धड काम होत नाही.

---

मोटारवाला

मी माझ्या मतावर अजून आहे, माझ्या धंद्याला पेज लागत नाही. पण ताईंनी सांगितलेली वही मला पटली. काल बसून आठवलं, तर वायरमन लोक मला सारखं एकच विचारतात, ही मोटार भरून घेऊ की मालकाला नवीन घ्यायला सांगू? दर वेळी मी फोनवर दहा मिनिटं बोलतो. बेअरिंगचा आवाज, शाफ्टची झीज, आधी किती वेळा भरलीय. हे एकदा रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर माझाही वेळ वाचेल. पुतण्याला सांगितलंय.

रंधा, एक विचारतो. तुमचं गिऱ्हाईक नक्की कोण? माझा वायरमन आहे. तुमचा कोण, घरमालक की घर सजवणारे डिझायनर? ते ठरल्याशिवाय एजन्सीला एक पैसा देऊ नका.

---

रंधा_आणि_रंग

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी वही भरू द्यायची होती.

एकोणीस दिवसांत एकतीस फोन आणि मेसेज. सगळे शब्द जसेच्या तसे लिहिले. मोटारवाला दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वहीनेच दिलं. डिझायनर दोनच. बाकीच्यांतले निम्म्याहून जास्त लोक असे, की घरातलं थोरलं माणूस गेलं किंवा घर बदलायचंय, आणि आता आईचं कपाट, आजोबांची खुर्ची यांचं काय करायचं ते ठरत नाहीये. एका बाईंनी विचारलं, "एवढ्या जुन्या खुर्चीवर खर्च करणं वेडेपणा आहे का हो?" हे वाक्य लिहिताना मी थांबलो. आजवर आम्ही या माणसासाठी एकही पोस्ट टाकलेली नव्हती. पॉलिश किती चकाकतंय एवढंच दाखवत होतो.

कागद लिहिला. तो भिंतीवर, पॉलिशच्या बाटल्यांच्या वर चिकटवलाय. कोणाशी: घरातली जुनी वस्तू टाकवत नाही आणि ठेवावी की नाही ते कळत नाही, असा माणूस. काय: ठेवण्यासारखी आहे का, हे त्याला स्वतःला ओळखता यावं एवढी माहिती. किती: पंधरा दिवसांतून एक. ताई, आठवड्याला एकही भावाला झेपणार नाही, त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून पंधरा दिवस. काय नाही: सुविचार, दिनविशेष, आणि जी वस्तू दुरुस्त करून उपयोग नाही तिलाही "आणा आणा" म्हणणं. हा शेवटचा मुद्दा भावाने घातला.

एजन्सीला नकार कळवला. त्यांच्यातल्या एका मुलीने बरं एडिटिंग केलं होतं, तिला महिन्याला दोन व्हिडिओंचं काम देता येईल का ते बघतोय.

पहिला व्हिडिओ मागच्या रविवारी केला. विषय वहीतलाच, डाग. भाऊ कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार नव्हता, म्हणून मी टेबलाकडे कॅमेरा धरला आणि गिऱ्हाईक होऊन विचारत गेलो. टेबलावर दोन डाग होते, एक पांढरा, एक काळा. त्याने पांढऱ्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा गरम कपाचा, वाफ वरच्या पॉलिशच्या थरात अडकलीय, खाली लाकूड ठीक आहे, हे लवकर सुटतं. मग काळ्यावर. इथे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात उतरलंय, इथे वरचं सगळं काढावं लागेल, वेळ लागेल. मी विचारलं, म्हणजे टाकून द्यायचं का? तो म्हणाला, "नाही रे, लाकूड कुजलेलं नाही. नखाने दाबून बघ." आणि त्याने स्वतःच दाबून दाखवलं. नख आत गेलं नाही. मागे कारागिराचा पॉलिश पेपर चालू होता, तो आवाज तसाच ठेवला.

एक मिनिट बारा सेकंद. आतापर्यंत एकोणीसशे लोकांनी बघितलाय आणि सदुसष्ट जणांनी पुढे पाठवलाय. पाच जणांनी आपापल्या टेबलांचे फोटो पाठवले. त्यातल्या तिघांना भावाने व्हॉइस मेसेजवर घरच्या घरी काय करायचं ते सांगितलं, कारण त्यांचे डाग पांढरे होते. चौथ्याचं टेबल शनिवारी येतंय. पाचव्या त्या खुर्चीवाल्या बाई आहेत. त्यांनी टेबलाचा नाही, खुर्चीच्या मागच्या पायाचा फोटो पाठवलाय. खाली बारीक पीठ, म्हणजे किडीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा, पडलेलं दिसतंय. भाऊ म्हणतो, पीठ ताजं आहे की जुनं ते आधी कळायला हवं. झाडून घ्या, खाली काळा कागद ठेवा आणि आठ दिवसांनी परत फोटो पाठवा, असं त्याने सांगितलंय. पुढचा व्हिडिओ त्याचाच करायचा ठरलाय, त्यांनी परवानगी दिली तर.